बनअजवाइन : फुलोरा कोणाचा?

औषधी व सुगंधी वनस्पतींच्या माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास आढळते : 'पीक पूर्ण फुलोऱ्यात असताना काढणी करावी.' शास्त्रीयदृष्ट्या ते चुकीचे नाही. तुळशीच्या कुळातील अनेक वनस्पतींत सुगंधी तेलाचे प्रमाण फुलोऱ्याच्या सुमारास सर्वाधिक असते, आणि वैद्यही याच अवस्थेतील फुलांसह शेंडे पसंत करतात. परंतु हे वाक्य लिहिले गेले ते शेतातील पिकासाठी. शेतकऱ्याने पीक स्वतः लावलेले असते. पुढील हंगामाची रोपे वा बियाणे त्याच्या हाती असते. तेच वाक्य उचलून हिमालयातील उघड्या उतारावर नेले, की त्याचा परिणाम वेगळा होतो. तेथे पुढील वर्षाचे बियाणे त्या फुलोऱ्यातच असते, आणि त्या फुलोऱ्यावर जगणाऱ्या कीटकांचेही पुढील वर्ष त्यातच असते. बनअजवाइन ही वनस्पती याचे बोलके उदाहरण आहे.

हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि काश्मीर येथील डोंगरउतारांवर, खडकांच्या फटींत आणि कोरड्या कुरणांत जमिनीलगत पसरणारे हे बहुवर्षायू झुडूप. शास्त्रीय नाव थायमस लिनेअॅरिस. युरोपातील रानटी थाईम, म्हणजे थायमस सर्पिलम, याचे हे जवळचे भावंड. इतके जवळचे की जुन्या नोंदींत हिमालयीन वनस्पतीही त्याच युरोपीय नावाखाली आढळते. पाने नखाहून लहान, त्यांवर तेलग्रंथींचे बारीक ठिपके, फुले जांभळट गुलाबी. उंचीनुसार उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत कोठे ना कोठे ती फुललेली असते. पाऊल पडले की ओव्याचा वास येतो, म्हणून पहाडी लोकांनी तिला बनअजवाइन म्हटले. युनानी वैद्यकात थाईमला 'हाशा' हे नाव आहे.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण 'ओवा' या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या वनस्पती वावरतात. स्वयंपाकघरातील ओवा जिरे-कोथिंबिरीच्या कुळातील, एका हंगामाचे पीक. कुंडीत लावला जाणारा, ज्याच्या जाड मखमली पानांची भजी करतात, तो पानओवा तुळशीच्या कुळातील. बनअजवाइन त्याच कुळातील, पण निराळ्या प्रजातीची. या तिघांचा वास सारखा येतो, कारण तिन्हींच्या तेलांत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही एकमेकांच्या जवळची रसायने कमी-अधिक प्रमाणात असतात. चौथा खुरासानी ओवा. तो धोत्र्याच्या कुळातील असून विषारी आहे, आणि पश्चिम हिमालयातही उगवतो. नावातील 'ओवा' पाहून त्याला पहिल्या तिघांच्या पंक्तीला बसविण्याची चूक जिवावर बेतू शकते. बाजारात 'जंगली ओवा' म्हणून आलेले कोणतेही वाळलेले पान ओळख पटल्याशिवाय वापरू नये, हे विस्तार कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगायला हवे.

पहाडी घरांत बनअजवाइनचा उपयोग साधा आहे. सर्दी-खोकल्यात, पोटदुखीत व अपचनात वाळलेल्या पानांचा आणि शेंड्यांचा काढा किंवा चहा घेतात. जंतांवरही ती दिली जाते. युरोपातील परंपरा याहून फार निराळी नाही. सर्दीसह येणाऱ्या खोकल्यावरील पारंपरिक औषध म्हणून रानटी थाईमला युरोपीय औषध नियामक संस्थेच्या वनौषधीविषयक दस्तऐवजांत स्थान आहे. या मान्यतेचा आधार दीर्घकालीन वापर हा आहे, आधुनिक चाचण्यांतून सिद्ध झालेला गुण नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. थायमॉल प्रथम वेगळे करण्यात आले १७१९ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ कास्पर नॉयमान यांच्या हातून. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात आकडीकृमीविरुद्धची मोठी मोहीम चालली तीही थायमॉलच्याच आधाराने. तेव्हा रुग्णांना मद्य व स्निग्ध पदार्थ कटाक्षाने वर्ज्य करावे लागत, कारण त्यांच्यासोबत थायमॉल शरीरात अधिक शोषले जाऊन विषबाधा होई. काढा आणि शुद्ध तेल यांतील अंतर किती मोठे आहे, हे त्या अनुभवावरून कळते. घरगुती चहा हितकर ठरला म्हणून त्याच वनस्पतीचे तेल थेंबाथेंबाने पोटात घेणे हितकर ठरत नाही.

माणसासाठी जे औषध आहे, ते वनस्पतीसाठी संरक्षक रसायन आहे. थायमॉल ही थाईमने पाने खाणाऱ्या किडींविरुद्ध आणि बुरशीविरुद्ध उभी केलेली भिंत आहे. परागीभवन करणाऱ्या कीटकांना मात्र या भिंतीतून दार ठेवलेले दिसते. पानांवर आणि फुलाच्या बाह्यकोशावर तेलग्रंथी दाटलेल्या असूनही मधमाश्या व भुंगे या फुलांवर आवडीने येतात. थाईमचा मध भूमध्य सागराच्या परिसरात प्राचीन काळापासून नावाजलेला आहे.

या कीटकांवर थाईमचे अवलंबित्व किती खोल आहे, हे डार्विनने १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फुलांच्या भिन्न प्रकारांवरील ग्रंथात दाखविले. युरोपीय थाईमची काही झुडपे द्विलिंगी फुलांची, तर काही केवळ मादी फुलांची असतात. मादी झुडपाला स्वतःचे पराग नसतात. दुसऱ्या झुडपावरून ते कीटकाने आणून दिले तरच बी धरते. आणि नेमकी हीच मादी झुडपे द्विलिंगी झुडपांपेक्षा अधिक बी देतात, असे डार्विनला आढळले. म्हणजे बियाण्याचा मोठा वाटा ज्या झुडपांवर आहे, तीच कीटकांविना पूर्णपणे वांझ राहतात. उतारावरून फुलोरा खुडला की कीटकांचे अन्न जाते; कीटक घटले की उरलेल्या झुडपांचे बी घटते. नुकसान एका बाजूने होत नाही, दोन्ही बाजूंनी होते.

हिमालयातील या फुलांवरचे महत्त्वाचे पाहुणे म्हणजे बम्बस प्रजातीच्या केसाळ मोठ्या माश्या. महाराष्ट्रात ज्याला भुंगा म्हणतात ती बहुधा लाकूड पोखरणारी सुतारमाशी असते. बम्बस माश्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात नाहीतच, त्या थंड डोंगरांच्या रहिवासी. त्यांच्या वसाहतीचे आयुष्य एका वर्षाचे. वसंतात एकटी राणी जमिनीतील बिळात घर मांडते, उन्हाळ्यात कामकरी माश्या वाढतात, आणि हंगामाच्या अखेरीस नव्या राण्या तयार होतात. वसाहत मरते, केवळ नव्या राण्या हिवाळा काढतात. मधमाश्यांप्रमाणे वर्षभराच्या मधाचा साठा या माश्या करीत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे उतारावर किती फुले शिल्लक राहिली, यावर पुढील वर्षी किती राण्या निघतील हे ठरते. 'पूर्ण फुलोऱ्यात काढणी' या वाक्याने नेमका हाच काळ निवडला आहे. पहाडी घरांच्या मातीच्या भिंतींत कोनाडे ठेवून पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाश्यांनाही हा फुलोरा उपयोगी पडतो, पण त्यांच्याजवळ निदान साठविलेला मध असतो.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो : संकलनावर सरसकट बंदी घालावी, कुरणाला कुंपण घालावे. या उपायाचा अनुभव इंग्लंडने घेतला आहे आणि तो उद्बोधक आहे. 'लार्ज ब्लू' नावाचे निळे फुलपाखरू रानटी थाईमच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे थाईमची फुले खाते, मग जमिनीवर उतरते. तेथे मिर्मिका जातीच्या लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात, आणि ती पुढचे कित्येक महिने मुंग्यांचीच पिल्ले खाऊन वाढते. हे फुलपाखरू कमी होऊ लागले तेव्हा दोष संग्राहकांवर ठेवला गेला. काही ठिकाणी कुंपणे घालून जनावरांची चराई थांबविण्यात आली. थाईम अनेक ठिकाणी शिल्लक होता, तरी फुलपाखरू घटतच गेले आणि १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नाहीसे झाले. कारण शोधून काढले जेरेमी थॉमस या कीटकशास्त्रज्ञाने. या फुलपाखराला कोणतीही लाल मुंगी चालत नाही. त्याला हवी असते मिर्मिका सॅब्युलेटी, आणि त्या मुंगीला उन्हाने तापणारी, अगदी आखूड गवताची जमीन लागते. चराई थांबली, त्यातच १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले, गवत वाढले, जमिनीवर सावली आली, मुंगी गेली. पुढे स्वीडनमधून आणलेल्या अळ्यांच्या आधारे, आणि या वेळी चराईचे नीट नियोजन करून, १९८० च्या दशकात हे फुलपाखरू पुन्हा वसविण्यात आले.

ही कथा हिमालयाला जशीच्या तशी लागू करता येणार नाही; तेथील कुरणे, जनावरे, मुंग्या सारेच निराळे. तरी एवढे घेता येते, की वनस्पतीभोवती कुंपण घातले म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेले जीव वाचतात असे नाही. गद्दी मेंढपाळ, गुज्जर पशुपालक आणि काढ्यापुरती जुडी खुडणाऱ्या पहाडी स्त्रिया यांना उताराचे शत्रू ठरविणारे धोरण शास्त्राला धरून नाही. मूठभर शेंडे घरी नेणे आणि पोत्यांनी माल दरीत उतरविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रश्न दुसऱ्या क्रियेचा आहे.

दुसऱ्या क्रियेमागील अर्थशास्त्रही तपासून पाहावे. बाजाराला बनअजवाइन हवी ती मुख्यतः तिच्या तेलासाठी, आणि तेल हवे ते थायमॉलसाठी. युरोपीय औषधसंहितेनुसार बागेतील थाईममध्ये किलोमागे किमान १२ मिलिलिटर तेल असावे लागते. रानटी थाईमसाठी ही अट किलोमागे केवळ ३ मिलिलिटर आहे. म्हणजे १०० किलो वाळलेल्या रानटी थाईमपासून खात्रीने मिळणारे तेल ३०० मिलिलिटर. ओव्याच्या दाण्यात साधारणपणे २ ते ४ टक्के तेल असते आणि त्या तेलात ३५ ते ६० टक्के थायमॉल. १०० किलो ओव्यापासून दोन ते चार किलो तेल निघते. हिमालयीन वनस्पतीत तेल युरोपीय रानटी थाईमपेक्षा काहीसे अधिक धरले तरी हिशेबाची दिशा बदलत नाही. शिवाय बोटभर उंचीच्या झुडपाचा १०० किलो वाळलेला माल गोळा करायचा, तर किती उतार बोडका करावा लागेल याची कल्पना ज्याने ही वनस्पती पाहिली आहे त्याला करता येईल.

तेलाच्या गुणवत्तेचीही हमी नाही. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए शहराच्या परिसरात उगवणाऱ्या थाईमचे सहा रासायनिक प्रकार नोंदले गेले आहेत. झुडपे दिसायला सारखी. पण काहींच्या तेलात थायमॉल, काहींत कार्व्हाक्रॉल, तर काहींत लिनालूल किंवा जिरॅनिऑल प्रमुख. हिवाळ्यात कडाक्याची थंडी साचणाऱ्या दरीच्या तळाशी एक प्रकार, तर भोवतीच्या उबदार उतारावर दुसरा. हिमालयीन बनअजवाइनच्या तेलातील घटकही स्थळ व उंचीनुसार बदलतात. दहा उतारांवरून एकत्र केलेल्या पोत्यात नेमके काय आहे, ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. त्याउलट ओवा हे निवड करून सुधारलेल्या वाणांचे पीक आहे; अजमेरजवळील तबीजी येथील राष्ट्रीय बीजीय मसाले संशोधन केंद्राने त्याचे वाण प्रसारित केले आहेत.

म्हणून मत स्पष्टपणे मांडायला हवे. ज्यांना थायमॉल हवे आहे त्यांनी ते ओव्यापासून घ्यावे, आणि हिमालयाचा उतार काढ्यासाठी, मधासाठी व बम्बस माश्यांसाठी राहू द्यावा. यात नवे असे काही नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओव्याचे दाणे जर्मनीला जात आणि त्यांपासून थायमॉल काढले जाई. जगाच्या थायमॉलचा महत्त्वाचा स्रोत त्या काळीही शेतातील पीकच होते. 'रानटी', 'हिमालयीन' या शब्दांना आज वेष्टनावर भाव मिळतो एवढ्यासाठी हा धडा विसरणे परवडणारे नाही. ओवा स्वतः मधमाश्यांचे उत्तम खाद्य आहे. राजस्थान व गुजरातमधील ओव्याच्या पट्ट्यात पेट्या ठेवून काढलेला ओव्याचा मध बाजारात वेगळ्या नावाने विकला जातो, आणि पेट्यांमुळे पिकाच्या परागीभवनालाही हातभार लागतो. महाराष्ट्रातील ज्या शेतकऱ्यांना हलक्या ते मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत रब्बीसाठी पर्याय हवा आहे, त्यांनी ओव्याकडे या तिहेरी नजरेने पाहावे : दाणा, तेल, मध. बनअजवाइनची रोपे मैदानात विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. साचलेले पाणी आणि दमट उष्णता तिला मानवत नाही.

मधमाशीपालकांसाठी थायमॉलचा संबंध आणखी निकटचा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवान येथे युरोपीय मेलिफेरा मधमाशी यशस्वीरीत्या वसविण्यात आली आणि तेथून देशभर पसरली. पुढे तिच्यावर व्हरोवा कोळी आला, जो मुळात आशियाई मधमाशीवरचा परोपजीवी. सातेरी त्याच्याशी जुळवून घेते, मेलिफेराला ते तितकेसे जमत नाही. या कोळ्याविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या सौम्य उपायांत थायमॉलच्या वाफेचा क्रम वरचा लागतो. पण त्यालाही अटी आहेत. हवा थंड, म्हणजे सुमारे १५ अंश सेल्सिअसखाली असेल तर वाफ पुरेशी होत नाही. फार उष्ण असेल तर वाफ एकदम वाढून माश्या पेटीबाहेर गोळा होतात, अळ्या-कोष बाहेर टाकले जातात. मधात वास व चव उतरते, म्हणून मध काढून झाल्यावरच उपचार करावा. 'नैसर्गिक आहे' म्हणून मात्रा दुप्पट करणारे मधपाळ आपल्याच वसाहतींचे नुकसान करतात. पेटीत लागणारे थायमॉल शुद्ध स्फटिकरूपात आणि मोजून लागते. बनअजवाइनची वाळलेली जुडी पेटीत ठेवल्याने कोळी आटोक्यात येईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

ज्या पहाडी भागांत बनअजवाइनची विक्री हे उत्पन्नाचे साधन आहे, तेथे लागवड हाच मार्ग. जमिनीवर टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटतात. अशी मुळांसह तोडलेली फांदी लावली की नवे झुडूप तयार होते, त्यासाठी रानातून झुडूप उपटावे लागत नाही. पायऱ्यांच्या शेतांचे दगडी बांध आणि कोरडे काठ या वनस्पतीला सोयीचे. सफरचंदाचा बहर ओसरल्यावर बागेजवळील मधमाश्यांना फुलांची चणचण भासते, ती काही अंशी भरून काढण्याच्या दृष्टीनेही बांधावरील लागवड करून पाहण्यासारखी आहे. परंतु सफरचंदाच्या झाडांखाली ती लावू नये. बागेत पाकळ्या गळल्यानंतर कीटकनाशकांच्या फवारण्या सुरू होतात. त्या वेळी झाडाखाली फुललेला गालिचा म्हणजे माश्यांसाठी सापळाच. फवाऱ्याच्या टप्प्याबाहेरची जागा निवडावी, हे लागवडीच्या शिफारशीतच लिहिले जावे.

कायद्याची एक बाजू विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक असावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीखालील औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या जबाबदारीतून सूट दिली. हेतू लागवडीला उत्तेजन देण्याचा, आणि तो योग्यच. पण त्यामुळे रानातून आणलेला माल 'लागवडीचा' म्हणून दाखविण्याचा मोहही वाढतो. बांधावर दहा झुडपे आणि गोदामात दहा पोती, हे गणित पडताळून पाहणारा माणूस गावातच असायला हवा. नोंदवहीत बनअजवाइनच्या नोंदीपुढे केवळ 'खोकल्यावर उपयुक्त' एवढेच न लिहिता ती कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात फुलते आणि तिच्यावर कोणत्या माश्या येतात, हेही लिहिले गेले तर ती पडताळणी सोपी होईल. गावातील मेंढपाळांना आणि सातेरी पाळणाऱ्या वृद्धांना ही माहिती तोंडपाठ असते.

माहितीपत्रकांतील त्या ठरलेल्या वाक्याचे काय करावे, हा प्रश्न उरतो. पिकासाठी ते राहू द्यावे. रानातील वनस्पतीसाठी त्याऐवजी पुढील मजकूर छापता येईल : 'झुडूप उपटू नये. जमिनीपासून दोन बोटे सोडून विळ्याने किंवा कात्रीने शेंडे कापावेत. जवळजवळच्या तीन जागांपैकी एकाच जागेवर काढणी करावी आणि पुढील दोन वर्षे ती जागा सोडून द्यावी. ज्या जागेवर भुंगे व माश्या दाटीने आल्या असतील, ती त्या वर्षी वगळावी.' वाक्ये चार झाली, पत्रकात जागा थोडी अधिक लागेल. हिंदीत आणि स्थानिक पहाडी बोलींत ती छापली तर जेथे वाचली जायला हवीत तेथे पोहोचतील.